रॉक-पॉपचे दिनविशेष: नोंद करताना ‘कुठली तारीख?’ हे आधी ठरवू या

तबकडीवाला
या धाग्यावर रॉक आणि पॉपचे दिनविशेष गोळा करू या. साधारण १९५० ते १९९० एवढा काळ पुरे. विनंती एकच, नुसती तारीख आणि गाण्याचं नाव टाकू नका. एका गाण्याला निदान पाच तारखा असतात. ध्वनिमुद्रण झालं तो दिवस (बहुतेक वेळा दिवस), सगळे आवाज मिसळून अंतिम मिक्स झाला तो दिवस, रेकॉर्ड ब्रिटनमध्ये दुकानात आली तो, अमेरिकेत आली तो, आणि लोकप्रियतेच्या यादीत गाणं अमुक क्रमांकावर पोचलं, ती यादी छापणाऱ्या साप्ताहिकाच्या अंकावरची तारीख. नेटवरच्या याद्यांत यांची सरमिसळ असते, म्हणून एकाच गाण्याची पन्नाशी वर्षातून तीनदा होते.

पहिली नोंद माझी. ‘लव्ह मी डू’, बीटल्स, पार्लोफोन कंपनीची रेकॉर्ड, क्रमांक आर ४९४९. ब्रिटनमध्ये विक्री शुक्रवार, ५ ऑक्टोबर १९६२. तिथल्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत. अमेरिकेत १९६४ मध्ये पहिला क्रमांक. याच ५ ऑक्टोबरला लंडनमध्ये ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटाचा पहिला खेळ झाला.

सुईची खाच
चांगली सुरुवात, पण ध्वनिमुद्रणाच्या रकान्यात तीन तारखा लागतील.

६ जून १९६२: ड्रम्सवर पीट बेस्ट. हा टेक (म्हणजे गाणं एकदा वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण) १९९५ च्या ‘अँथॉलॉजी १’ मध्ये बाहेर आला.
४ सप्टेंबर १९६२: ड्रम्सवर रिंगो स्टार.
११ सप्टेंबर १९६२: ड्रम्सवर अँडी व्हाइट हा स्टुडिओचा वादक, रिंगोच्या हातात खंजिरी.

ओळखायचं कसं? खंजिरी ऐका. ती वाजत असेल तर टेक व्हाइटचा, नसेल तर रिंगोचा. ड्रम्सच्या वजनावरून ठरवायला जाऊ नका. मोनो रेकॉर्डवर आणि घासलेल्या प्रतीवर फसगत होते. खंजिरी मात्र झिजलेल्या प्रतीतही ऐकू येते, कारण तिचा आवाज वरच्या पट्टीत एकटा असतो.

आता तुमच्याच नोंदीत गोम बघा. ५ ऑक्टोबरला लाल लेबलची जी रेकॉर्ड दुकानात आली तिच्यावर रिंगोचा टेक होता. २२ मार्च १९६३ च्या ‘प्लीज प्लीज मी’ अल्बमवर व्हाइटचा आहे. अमेरिकेत १९६४ साली पहिल्या क्रमांकावर गेला तोही व्हाइटचाच. म्हणजे ‘५ ऑक्टोबरला आलेलं गाणं पुढे अमेरिकेत पहिलं आलं’ हे वाक्य गाण्यापुरतं खरं, ध्वनिमुद्रणापुरतं चूक.

ही चूक खुद्द रेकॉर्ड कंपनीच्याही हातून झाली. २०१२ मध्ये ५० वर्षांच्या निमित्ताने १९६२ च्या रेकॉर्डची हुबेहूब प्रत काढायचं ठरलं आणि तिच्यावर व्हाइटचा टेक छापला गेला. प्रती परत मागवून पुन्हा छापाव्या लागल्या.

कोथरूडचा बास
‘सुईची खाच’, झकास. पण एवढं बारीक गेलं तर यादी पुढे सरकायची नाही. सोपा नियम करू, ज्या देशाचा बँड, त्या देशातली विक्रीची तारीख. बास.

तबकडीवाला
तो नियम टिकत नाही. लेड झेपेलिन इंग्रजांचा बँड, पण त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत जानेवारी १९६९ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये मार्च उजाडला. ‘हे ज्यूड’ अमेरिकेत २६ ऑगस्ट १९६८ ला, ब्रिटनमध्ये ३० ऑगस्टला. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ अमेरिकेत १३ फेब्रुवारी १९६७, ब्रिटनमध्ये १७ फेब्रुवारी. मायदेशाची तारीख लिहिली तर यातली एकही ‘पहिली विक्री’ राहत नाही.

दोन्ही लिहा आणि पुढे देश लिहा. एक शब्द जास्त लागतो, पण पुढचा वाद वाचतो.

गणितातला गिटारवाला
तारीख खरी की खोटी हे चाळायला वार काढून बघा. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये नव्या रेकॉर्ड बहुधा शुक्रवारी येत. बीटल्सच्याच घ्या: ‘रबर सोल’ ३ डिसेंबर १९६५, ‘रिव्हॉल्व्हर’ ५ ऑगस्ट १९६६, ‘अॅबी रोड’ २६ सप्टेंबर १९६९, तिन्ही शुक्रवार. (जगभर एकच शुक्रवार ही पद्धत मात्र १० जुलै २०१५ पासूनची. ती जुन्या रेकॉर्डना लावू नका.)

१९०० ते १९९९ मधल्या कुठल्याही तारखेचा वार असा काढा:

वर्षाचे शेवटचे दोन आकडे + त्यांना ४ ने भागून येणारा पूर्ण भाग + तारीख + महिन्याचा आकडा. बेरजेला ७ ने भागा. बाकी ० म्हणजे रविवार, १ सोमवार, असं ६ शनिवारपर्यंत.

महिन्यांचे आकडे जानेवारीपासून तीन-तीनच्या गटात पाठ करा: ०३३, ६१४, ६२५, ०३५. लीप वर्षात फक्त जानेवारी-फेब्रुवारीसाठी बेरजेतून १ वजा. चूक होते ती इथेच, लोक लीप वर्षात सगळ्याच महिन्यांतून १ काढतात.

५ ऑक्टोबर १९६२: ६२ + १५ + ५ + ० = ८२, बाकी ५, शुक्रवार. जमलं.
लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची अमेरिकेतली तारीख सगळीकडे १२ जानेवारी १९६९ दिसते: ६९ + १७ + १२ + ० = ९८, बाकी ०, रविवार! त्या काळी रविवारी रेकॉर्डची दुकानं सहसा बंद असत. म्हणून ही तारीख मी ‘जानेवारी १९६९’ एवढीच लिहीन.

सुईची खाच
वाराची चाळणी उत्तम, पण ती शंका घ्यायला आहे, निकाल द्यायला नाही. ‘सार्जंट पेपर’ची छापील तारीख १ जून १९६७, आणि तो गुरुवार येतो. तारीख खोटी नाही. कंपनीने जाहीर केलेला दिवस तोच होता, फक्त ब्रिटनमधल्या दुकानांत माल आधीच्या शुक्रवारी, २६ मे ला पोचला आणि विकलाही गेला. अमेरिकेत २ जून. इथे ‘जाहीर तारीख’ आणि ‘प्रत्यक्ष विक्री’ असे दोन रकानेच करावे लागतील.

शुक्रवारचीच अजून एक जोडी. ‘विथ द बीटल्स’ २२ नोव्हेंबर १९६३, आणि पांढऱ्या मुखपृष्ठाचा दुहेरी अल्बम बरोबर पाच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६८. दोन्ही शुक्रवार. पहिल्या तारखेलाच डॅलसला केनेडींची हत्या झाली.

मडगांवकर
हिट-परेडच्या तारखांबद्दलही कुणी जाणकाराने लिहावं. ४ एप्रिल १९६४ ला बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या, हे सगळ्यांना ठाऊक. पण ती तारीख कशाची?

रेडिओ सिलोन
अंकाची. ४ एप्रिल १९६४ हा शनिवार. बिलबोर्डचा अंक त्या तारखेच्या आधीच छापून बाजारात येई, आणि विक्रीचे व रेडिओचे आकडे त्याच्याही आधीच्या दिवसांतले. त्यामुळे ‘४ एप्रिलला पाच गाणी पहिल्या पाचांत गेली’ असं न लिहिता ‘४ एप्रिलच्या अंकात’ असं लिहायचं. क्रम असा: कान्ट बाय मी लव्ह, ट्विस्ट अँड शाउट, शी लव्ह्ज यू, आय वाँट टू होल्ड युवर हँड, प्लीज प्लीज मी.

हा फरक किती पडतो ते याच वर्षात दिसतं. ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ बिलबोर्डच्या १ फेब्रुवारी १९६४ च्या अंकात पहिलं. पण कॅश बॉक्स या दुसऱ्या साप्ताहिकाच्या यादीत ते जानेवारीतच पहिलं आलं होतं आणि पॅरिसला ऑलिंपियात कार्यक्रम चालू असताना बँडला ते कळलंही होतं. ‘अमेरिकेत पहिला क्रमांक’ लिहिताना साप्ताहिकाचं नाव लिहिलंच पाहिजे.

अजून एक खाचखळगा: बिलबोर्डची हॉट १०० ही शंभर गाण्यांची यादी सुरू झाली ४ ऑगस्ट १९५८ ला (पहिल्या क्रमांकावर रिकी नेल्सनचं ‘पुअर लिटल फूल’), आणि तो सोमवार होता. शनिवारची तारीख नंतरची. पन्नासच्या दशकातल्या नोंदी शनिवारला ‘दुरुस्त’ करू नका.

ब्रिटनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. तिथे पहिली यादी न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाची, १४ नोव्हेंबर १९५२, पहिला अल मार्टिनो. नाव बारा जागांचं, पण बरोबरीमुळे पंधरा रेकॉर्ड. पुढे मेलडी मेकर, डिस्क, रेकॉर्ड रिटेलर अशा प्रत्येकाच्या वेगळ्या याद्या, प्रत्येकाची दुकानं वेगळी. सगळ्यांनी मान्य केलेली एक यादी फेब्रुवारी १९६९ पासून. त्याच्या आधीच्या काळासाठी आज ‘अधिकृत’ म्हणून १९६० पासून रेकॉर्ड रिटेलरची यादी धरतात, आणि हे नंतर ठरलेलं आहे.

म्हणून ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणं १९६३ मध्ये न्यू म्युझिकल एक्स्प्रेस, मेलडी मेकर आणि डिस्क या तिन्हींत पहिलं, पण रेकॉर्ड रिटेलरमध्ये दुसरं, फ्रँक आयफील्डच्या ‘द वेवर्ड विंड’च्या खाली. नोव्हेंबर २००० मध्ये बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या २७ गाण्यांचा ‘१’ नावाचा संग्रह आला, त्यात हे गाणं नाही. १९६३ च्या वाचकाला विचारलं असतं तर त्याने ‘पहिलंच होतं’ असं सांगितलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं.

कोथरूडचा बास
पटलं. नियम मागे घेतो. भारतीय वेळेचं काय? जॉन लेननचा स्मृतिदिन आपण ८ डिसेंबरलाच धरायचा ना?

गणितातला गिटारवाला
नोंद घटनास्थळाच्या तारखेने, कंसात आपली वेळ. न्यूयॉर्कला ८ डिसेंबर १९८० च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे इथे ९ डिसेंबरची सकाळ, सव्वानऊच्या आसपास. त्या दिवशीच्या सकाळच्या भारतीय वर्तमानपत्रात ही बातमी असूच शकत नाही. कुणी ‘९ डिसेंबरचं कात्रण’ म्हणून दाखवलं तर आधी ते सायंदैनिक आहे का ते बघा.

तसंच क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या निधनाचं. लंडन, २४ नोव्हेंबर १९९१, संध्याकाळी सातच्या सुमारास. आपल्याकडे मध्यरात्र उलटून २५ तारीख लागली होती.

हिशेबाचा तक्ता:
लंडन हिवाळ्यात + साडेपाच तास, उन्हाळ्यात + साडेचार.
न्यूयॉर्क हिवाळ्यात + साडेदहा, उन्हाळ्यात + साडेनऊ.

उन्हाळ्याचं उदाहरण लाइव्ह एडचं, म्हणजे लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणी झालेल्या मदतनिधी कार्यक्रमाचं. १३ जुलै १९८५, लंडनच्या वेम्बलीला दुपारी १२ वाजता सुरू, म्हणजे इथे साडेचार. क्वीन तिथल्या ६.४१ ला मंचावर आले, इथे रात्रीचे ११.११. फिलाडेल्फियाचा भाग मात्र इथे १४ तारखेची सकाळ होईपर्यंत चालला.

आणि जिथे हमखास चूक होते ती जागा: ३० जानेवारी १९६९, बीटल्सचा लंडनमधल्या ‘सॅव्हिल रो’ या रस्त्यावरच्या इमारतीच्या गच्चीवरचा शेवटचा जाहीर कार्यक्रम, दुपारी साडेबाराच्या सुमारास, ४२ मिनिटं. जानेवारी म्हणून लोक साडेपाच तास मिळवतात आणि संध्याकाळचे सहा लिहितात. पण १९६८ ते ऑक्टोबर १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळं एक तास पुढेच ठेवण्याचा प्रयोग केला होता. त्या हिवाळ्यांत साडेचारच मिळवायचे. आपल्याकडे तेव्हा पाच वाजले होते.

सातारारोड
फ्रेडीचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुलखाची नोंद. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये, नाव फारुख बुलसारा, घर पारशी. शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. शाळेतल्या मुलांचा ‘द हेक्टिक्स’ हा बँड तिथलाच, त्यात तो पियानोवर. ‘भारतात जन्म’ असं काही याद्यांत येतं, ते काढून टाका. पाचगणी शिक्षणाच्या रकान्यात.

फोर्टचा फेरफटका
मुंबईच्या नोंदी माझ्याकडे.

जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या आठवड्यात बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीताचा भारतीय भाग केला. वादकांत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्रा, सतारीवर शंभू दास. चित्रपटाचं काम उरकल्यावर याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यांचा भाग झाला. गायन लंडनला ६ आणि ८ फेब्रुवारीला. विक्री १५ मार्च १९६८, ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं, आणि त्यातलं एकूण एक वाद्य मुंबईत वाजलेलं.

काम कसं झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. मुंबईच्या स्टुडिओत मोनो यंत्र होतं. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. दोनच ट्रॅक म्हणजे सगळे वादक एका वेळी वाजवणार, तोल माइकच्या अंतराने तिथल्या तिथे साधायचा, नंतर बासरी वर-खाली करायची सोय नाही. शिवाय खोलीला पुरेसा ध्वनिरोध नव्हता. साडेपाचला वरची ऑफिसं सुटली की जिन्यावरची पावलं टेपवर येत, म्हणून तेवढा वेळ काम थांबवावं लागे, असं हॅरिसनने स्वतः सांगितलं आहे.

‘वंडरवॉल म्युझिक’ ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९६८ ला आला. अॅपल कंपनीचा हा पहिला अल्बम, म्हणजे पांढऱ्या अल्बमच्याही तीन आठवडे आधी.

इतर दोन कार्यक्रम झटपट: द पोलीस हा बँड, रंगभवन, मार्च १९८०. मायकल जॅक्सन, अंधेरी क्रीडा संकुल, १ नोव्हेंबर १९९६.

मडगांवकर
चोरबाजारात मिळणाऱ्या जुन्या प्रतींवरून तारीख काढता येते का?

सुईची खाच
तारीख नाही, पण क्रम लागतो. इंग्लंडमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने छापलेली प्रत घ्या. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर तिरपा उजेड पाडा. साठच्या दशकातल्या प्रतींवर तीन खुणा दिसतील. घड्याळात ६ वाजतात त्या जागी मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या मूळ कापणीचा), शेवटी १एन, २एन असं. ९ च्या जागी एक आकडा, तो ‘मदर’चा, म्हणजे जिच्यावरून छापाचे साचे बनत त्या धातूच्या प्रतीचा. ३ च्या जागी एक-दोन किंवा तीन रोमन अक्षरं, ती छापाच्या साच्याची. अक्षरांचे आकडे ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावावरून बेतले आहेत: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे ‘जीए’ असेल तर १३ वा साचा, ‘आरडी’ असेल तर २० वा.

लहान आकडा म्हणजे आधीची प्रत, हे ढोबळमानाने खरं. पण मागणी जास्त असली की एकाच वेळी अनेक साचे यंत्रांवर चढत, त्यामुळे १३ वा साचा ९ व्याच्याच दिवशी चाललेला असू शकतो. दोन्ही बाजू वाचा, कारण दोन्हीकडचे आकडे वेगवेगळे असतात.

भारतीय प्रती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या. लेबलवर वर्ष असलं तरी ते मूळ प्रकाशनाचं. इथे कधी छापली ते त्यावरून सांगता येत नाही, म्हणून भारतीय प्रतीवरचं वर्ष ‘भारतातली विक्री’ म्हणून टाकू नका.

टेपचा वास
क्वीनची नोंद मी घेतो, कारण तिच्यात तंत्राचा भाग मोठा आहे.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’: ध्वनिमुद्रणाची सुरुवात २४ ऑगस्ट १९७५, वेल्समधला रॉकफील्ड स्टुडिओ, निर्माता रॉय थॉमस बेकर. ब्रिटनमध्ये विक्री ३१ ऑक्टोबर १९७५, शुक्रवार. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. चित्रफीत १० नोव्हेंबरला एल्स्ट्रीला चित्रित. २९ नोव्हेंबरच्या यादीपासून नऊ आठवडे पहिला क्रमांक. डिसेंबर १९९१ मध्ये पुन्हा पाच आठवडे. एकूण चौदा.

ऑपेराच्या भागात फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर असे तिघंच गातात. मशीनला ट्रॅक २४, आवाज हवे शेकड्याने. उपाय एकच. काही ट्रॅक भरले की ते मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, आधीचे रिकामे करायचे आणि पुन्हा त्यावर गायचं. याला बाउन्स म्हणतात. यात दोन धोके.

पहिला, खरखर. सारख्या पातळीच्या दोन ट्रॅकची खरखर मिसळली की ती ३ डेसिबलने वाढते, चारांची ६ ने. शिवाय प्रत्येक उतरवणीत नव्या टेपची खरखर वर येऊन बसते, आणि इथे काही आवाज आठव्या पिढीपर्यंत गेले होते.
दुसरा, झीज. टेप प्रत्येक वेळी हेडला घासते आणि तिच्यावरचा चुंबकीय थर निघत जातो. आधी तीव्र सूर मंदावतात, ‘स’ बोथट होतो. इथे तर टेप इतकी झिजली की उजेडासमोर धरली असता आरपार दिसू लागली.

बाउन्सची दुसरी अट, एकदा मिसळलं की तोल कायमचा. मधला आवाज नंतर उचलता येत नाही. म्हणून अशा गाण्याची आखणी मागून पुढे करावी लागते. शेवटी सर्वांत पुढे ऐकू यायला हवं ते सर्वांत शेवटी ध्वनिमुद्रित करायचं, म्हणजे त्याची पिढी कमी राहते.

कोथरूडचा बास
तंत्राचंच चाललंय तर, ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’बरोबर बास वाजवायला बसलं की ना ए पट्टीत जुळत, ना बी फ्लॅटमध्ये. का?

टेपचा वास
कारण ते दोन टेकचं जोडकाम आहे. टेक ७ आणि टेक २६ यांचे वेगही निराळे, पट्ट्याही निराळ्या. लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी दुसऱ्या टेपचा वेग कमी केला आणि २२ डिसेंबर १९६६ ला दोन्ही जोडले. वेग उतरला की पट्टीही उतरते, म्हणून सूर दोन पट्ट्यांच्या मधे अडकला. सांधा साधारण एका मिनिटाशी आहे. तिथून लेननचा आवाज जड होतो, ते वेग कमी केल्याचं लक्षण.

बास ट्यूनरने लावू नका. गाण्यातला एखादा लांब सूर पकडून कानाने जुळवा. नोंदीत मात्र ध्वनिमुद्रणाची सुरुवात २४ नोव्हेंबर १९६६ आणि जोडणी २२ डिसेंबर, असं दोन्ही घाला.

रेडिओ सिलोन
३ जुलैसाठी एक ओळ. १९६९ ला रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स गेला, १९७१ ला डोअर्सचा जिम मॉरिसन. तारीख तीच, वय दोघांचं २७.

तबकडीवाला
घेतली. १५ ऑगस्ट रिकामा आहे, वुडस्टॉक १९६९ कोण लिहितंय? ‘तीन दिवसांचा महोत्सव’ आणि ‘१५ ते १८’ या दोन्हींचा मेळ बसत नाही.

गणितातला गिटारवाला
बसतो. ठरले होते तीन दिवस, शुक्रवार १५ ते रविवार १७. पाऊस आणि खोळंब्यामुळे कार्यक्रम लांबत गेला आणि शेवटचा जिमी हेंड्रिक्स सोमवारी १८ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास मंचावर आला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा.

रविशंकर यांनी पहिल्याच रात्री पावसात सतार वाजवली. तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. तिथे १५ ची रात्र, इथे १६ ची सकाळ. त्यामुळे ‘स्वातंत्र्यदिनी वुडस्टॉकला सतार’ हे अमेरिकेच्या तारखेने बरोबर, पण भारतात तोपर्यंत १५ ऑगस्ट संपलेला होता. नोंद १५ खालीच करा, कंसात १६ सकाळ.